उसनी चाल

हवल्ली, कुवेत
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

प्रिय तुळशीदास,

पत्र पाहून तुला वाटेल, डॉक्टरांचं डोकं फिरलं. आजकाल कागदावर कोण लिहितं? पण तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक करून ठेवलं आहेस, आणि महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपमधून तर कुवेत सोडायच्या आधीच बाहेर पडलास. नाटकाच्या हॉलच्या परवानगीसाठी तू तुझ्या पासपोर्टची झेरॉक्स दिली होतीस. तिच्यावर गावचा पत्ता सापडला. कुडाळपासून तुझं गाव किती लांब ते मला माहीत नाही, पण पोस्टमनला माहीत असेल.

तू गावी सुखरूप पोचल्याचं रूपेशकडून कळलं. तुझ्या कंपनीत मॅनेजर असून तो काही जास्त बोलला नाही. इकडे सगळं ठीक आहे. घरी नीला तुझी आठवण काढते. अबोलीची परीक्षा चालू आहे, ती माझ्याशी फक्त इंग्रजीत भांडते. तू बसवून दिलेलं कपाट उत्तम आहे.

ते कपाट बसवायला तू आला होतास तो दिवस आठवतो? शुऐब्याच्या कारखान्यातला एक म्हातारा डॅनिश इंजिनिअर गुडघ्यासाठी माझ्याकडे यायचा. त्याने त्याच्या तरुणपणीचा एक सिनेमा पेन ड्राइव्हवर घालून दिला होता. काळापांढरा, विनोदी. एक जाडा जहाजमालक आणि एक हडकुळा हमाल जत्रेत एकाच वजनकाट्यावर एकदम चढतात आणि त्यांच्या अंगांची अदलाबदल होते. मालकाचा जीव हमालाच्या अंगात, हमालाचा मालकाच्या. खाली इंग्रजी अक्षरंसुद्धा नव्हती. मला पहिली दहा मिनिटं काही कळेना. तू मात्र हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन दीड तास उभा राहिलास आणि मला समजावून सांगत होतास की आता ह्याच्या अंगात कोण आहे. गावी दशावतारात कामं केलेला माणूस तू, तुला भाषा कशाला लागते. शेवटी तूच म्हणालास की ह्या आपून मंडळात करूया. मग आपण डेन्मार्क काढून टाकलं, एक डॉक्टर आणि एक सुतार घेतला, आणि जत्रेऐवजी माझ्या क्लिनिकमधला वजनकाटा ठेवला.

सात फेब्रुवारीला प्रयोग झाला. चांगला झाला. तुझं काम ऐन वेळी सुयोगने केलं. तुला काढायचा निर्णय कमिटीचा होता, त्यात माझं काही चाललं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता एक छोटंसं काम. सोबत माझ्या लेटरहेडवर चिठ्ठी आहे. ती घेऊन कुडाळला किंवा गोव्याला जा आणि मानेचा एमआरआय करून घे. काळजीचं काही नाही. तुम्ही लोक वर्षानुवर्षं मान वर करून छताची कामं करता, तेव्हा एकदा बघून घ्यावं इतकंच. खर्च मी करणार आहे, त्याबद्दल बोलू नकोस. फक्त उशीर करू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिनकर


हवल्ली
शुक्रवार, २ मे २०२५

प्रिय तुळशीदास,

परवा क्लिनिकच्या नंबरवर द्वारकावहिनींचा फोन आला. त्यांनी नमस्कार केला नाही की माझं नाव विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "माझ्या घोवाक दारूडो म्हणान धाडल्यात, आणि आता मानेचो फोटो काढूक सांगतात? दारूड्याच्या मानेत काय गावतला तुमका?"

मी विचारलं की तुळशीदास कसा आहे. त्या म्हणाल्या की तू घराबाहेर पडत नाहीस. पायरी उतरताना दोनदा पडलास. लोक पाहतात आणि मान हलवतात, की कुवेतची सवय अजून गेली नाही. माझी चिठ्ठी तू वाचलीस आणि देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलीस.

तेव्हा आता खरं लिहितो. पहिल्या पत्रात मी खोटं बोललो. काळजीचं कारण आहे.

मंडळाने नाटकाचा व्हिडिओ गेल्या महिन्याच्या, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला ग्रुपवर टाकला. मी तो क्लिनिकमध्ये चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवत बसलो होतो. फुशारकीच. वजनकाट्यावर चढून सुताराचा जीव डॉक्टरच्या अंगात शिरतो आणि मी तुझ्यासारखा चालायला लागतो, तो भाग. उजवा पाय जमिनीला घासत, गुडघे ताठ, पाय जरा फाकलेले, वळताना भिंतीला हात. सगळे हसले. आमची फिजिओथेरपिस्ट जवेरिया तेवढी हसली नाही. ती लाहोरची. तिला मराठीचं अक्षर कळत नाही. तिने माझ्या हातातून फोन घेतला, तेवढाच तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला आणि विचारलं, "सर, ये किसकी चाल है?"

मी म्हटलं, माझ्या एका सुतार मित्राची, हुबेहूब उचलली आहे.

ती म्हणाली, "उनका एमआरआय हुआ है?"

तुळशीदास, तिने दुसऱ्यांदा तुकडा मागे नेला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तिसऱ्यांदा तिने नेला तो माझ्यावर दया करून. मी चोवीस वर्षं हाडांचा डॉक्टर आहे. मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दाबला गेला की माणूस कसा चालतो, ते मी विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. पाय घासतो, तोल जातो, बोटांनी बारीक काम जमेनासं होतं, मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखी कळ येते. वेळेत ऑपरेशन केलं तर तिथेच थांबतं. नाही केलं तर वाढत जातं, आणि एक दिवस माणूस उठू शकत नाही. हे सगळं मी चार फुटांवरून तीन महिने पाहत होतो. पाहत काय, आरशासमोर उभा राहून घोटत होतो.

तू मला एकदा थांबवलंही होतंस. तालमीत हातातला रंधा खाली ठेवून म्हणालास, "डाक्टर, माझो जीव तुमच्या अंगात इलो, तर पाय कित्याक घासतलो? पाय माझो. तो माझ्याकडेच रवलो मा?" तुझं बरोबर होतं. जीव बदलला तर दुखणं अंगाबरोबर मागे राहायला हवं. माझ्या धडधाकट अंगात तुझा जीव आल्यावर तो ताठ चालला असता. मी हसलो आणि म्हणालो की विनोदाला लॉजिक लागत नाही, चाल दिसली की लोकांना सुतार दिसतो. म्हणजे मला ती तुझी लकब वाटली. तुझा स्वभाव वाटला. ती आजाराची खूण आहे हे डोक्यातच आलं नाही, कारण मी तुला पेशंट म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. कपाटं लावायला येणारा गमतीदार माणूस म्हणून पाहिलं.

मला लाज वाटते. हा शब्द लिहायला मला पंधरा दिवस लागले.

ती चिठ्ठी देवामागून काढ. दारूची अफवा कोणी उठवली ते मला माहीत नाही, पण ती डोक्यातून काढून टाक. तुला आजार आहे. आजारात लाजण्यासारखं काही नसतं.

तुझा,
दिनकर


हवल्ली
शुक्रवार, १६ मे २०२५

तुळशीदास,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं होतं. दारूची अफवा कोणी उठवली ते मला माहीत आहे. मी उठवली.

हे मी वहिनींना फोनवर सांगणार होतो. त्या सोमवारी पुन्हा बोलल्या. दुसरं पत्र त्यांनी तुला वाचून दाखवलं, पुस्तक वाचल्यासारखं सगळं. ऐकून तू म्हणालास की डॉक्टर चांगला माणूस, त्याचा यात दोष नाही, पण गाव दारूडा म्हणतो तोवर मी इस्पितळात जाणार नाही, तिथेही लोक तोंडाचा वास घेऊन बघतील. डॉक्टर चांगला माणूस, हे ऐकल्यावर मी फोन ठेवून दिला. वहिनींना वाटलं लाइन गेली.

तर ऐक. पहिल्या दिवशी तालमीत तू माझी नक्कल केलीस. वजनकाट्यावरून उतरलास आणि डॉक्टर झालास. खुर्चीत बसलास, समोरच्या पेशंटकडे मान वर करून एकदाही पाहिलं नाहीस, तो बोलत असताना औषध लिहून टाकलंस आणि कागद फाडून पुढे सरकवलास. बस. वीस माणसं हसून लोळली. अबोली म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा, दॅट्स यू." मीही हसलो. पण मला ते झोंबलं, तुळशीदास. इतकं झोंबलं की पुढचे तीन महिने मी तुझी चाल नुसती उचलली नाही, ती फुगवली. प्रत्येक तालमीला थोडी जास्त.

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारची तालीम तुला आठवत असेल. आता तुझ्या अंगात डॉक्टरचा जीव आहे, ताठ चाल, असं मी तुला सांगत होतो. तू प्रयत्न केलास. पाय ऐकेना. मी पाच वेळा तुला मागे पाठवलं, सगळ्यांसमोर. सहाव्यांदा तू, स्वतःच बनवलेल्या सोफ्यावर, धाडकन पडलास. मी म्हणालो, नीट चालता येत नसेल तर घरी जा. तू हातोडी आणि चुका पिशवीत भरल्यास आणि गेलास. कमिटी त्या वेळी जमलेलीसुद्धा नव्हती. सुयोगला मीच फोन केला.

तू गेल्यावर रूपेशने विचारलं की ह्याला झालंय काय. मी चहा घेत होतो. हसत म्हणालो, घेतो बहुतेक.

दोन शब्द. पुण्यात असं कोणाबद्दल म्हटलं तर लोक हसून विसरतात. कुवेतमध्ये दारू हा गुन्हा आहे, इथे त्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. रूपेश तुझ्या कंपनीचा माणूस आहे हेही माहीत होतं. तुझा अकामा, इथे राहायचा परवाना, मार्चमध्ये संपत होता हे तेवढं माहीत नव्हतं. कंपनीने तो वाढवला नाही. कारण लिहून दिलं नाही, पण कामगारांच्या कॅम्पमध्ये सगळ्यांना समजलं आणि तुझ्याआधी गावी पोचलं. सतरा वर्षं ज्याने इथे शहाळ्याच्या पाण्यापलीकडे काही प्यायलं नाही, त्याला मी दारूडा करून विमानात बसवलं.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करता येणार नाही. डिसेंबरमध्ये तू मला एकदा बाजूला घेऊन म्हणालास, "हाताक मुंग्ये येतत, डाक्टर. सकाळची शर्टाची बटणा लागनत नाय." तू मला डॉक्टर म्हणून सांगत होतास. त्यासाठी तू दोन दिवस धीर गोळा केला असशील. मी म्हणालो, वा, हे आपण नाटकात घेऊ. आणि घेतलं. बटणं लावता न येणारा माणूस, तो प्रसंग नाटकात सगळ्यात जास्त गाजला. मिनिटभर टाळ्या थांबल्या नाहीत.

गेल्या शुक्रवारी मंडळाची सभा होती. मी व्हिडिओ लावला, बटणांच्या प्रसंगाशी थांबवला, आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. रूपेश उभा राहिला आणि म्हणाला की कंपनीचं नाव इथे घेऊ नका. सुयोग निघताना म्हणाला की दादा, टाळ्या आम्हीपण घेतल्या. त्याने माझ्यासाठी म्हटलं असेल, पण मला त्याने बरं वाटलं नाही. मी मंडळाच्या सगळ्या कामातून बाहेर पडलो आहे. तुझ्या कंपनीलाही लेखी कळवलं. उत्तर आलं की बाब बंद झाली आहे.

वहिनींनी एक कागद मागितला होता, आपला माणूस दारू पीत नाही असा, डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा. सोबत आहे. त्यात मी आजाराचं नाव लिहिलं आहे, आणि दारूची गोष्ट खोटी असून ती पसरवणारा मी आहे हेही लिहिलं आहे. वहिनींनी तो ग्रामपंचायतीत वाचावा, देवळात वाचावा, जिथे हवा तिथे वाचावा. माझा नंबर खाली आहे. कोणी विचारलं तर मी सांगेन.

तुझ्या पासपोर्टची झेरॉक्स अजून माझ्या टेबलावर आहे. तुझं जन्मसाल पाहिलं. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहेस. माझ्याकडे येणाऱ्या सतरा वर्षांच्या पेशंटलाही मी अहो म्हणतो. तुला पहिल्या दिवसापासून अरे म्हणत आलो, आणि तू मला तुम्ही. ते आपुलकीने होतं असं मी स्वतःला सांगत आलो.

एमआरआय करा, तुळशीदास. माझ्यावर राग ठेवा, तो ठेवायलाच हवा, पण तो तुमच्या मानेवर काढू नका.

दिनकर


हवल्ली
शुक्रवार, ६ जून २०२५

तुळशीदास यांस,

आज इथे ईद. क्लिनिक बंद आहे, रस्ते मोकळे आहेत, अर्धं कुवेत खैरानच्या समुद्रावर गेलं आहे. नीला आणि अबोली जवेरियाकडे जेवायला गेल्या. मी घरी थांबलो, कारण काल संध्याकाळी तुमचा फोन आला आणि तेव्हापासून मला कोणात बसवत नाही.

एमआरआयचे फोटो वहिनींनी आधी पाठवले होते. मी ते रात्रभर नव्हे, दहा सेकंद पाहिले. तेवढे पुरले. मानेत दोन ठिकाणी मज्जारज्जू चेपला गेला आहे आणि एका ठिकाणी त्याच्यात पांढरा डाग दिसतो, म्हणजे इजा आतपर्यंत गेली आहे. गोव्याच्या सर्जनशी मी बोललो आहे. चांगला माणूस आहे, त्याने ऑपरेशनची तारीख लगेच दिली, सतरा जून.

कागद ग्रामपंचायतीत वाचला गेला हेही वहिनींनी सांगितलं. वाचून झाल्यावर तुमचे शेजारी उठले आणि गोव्याला जायला स्वतःची गाडी काढली. वहिनी हे सांगताना रडल्या. मी त्यांना रडू दिलं. सांत्वन करायचा हक्क मला नाही.

मग तुम्ही फोन घेतलात. चार महिन्यांनी आवाज ऐकला. तुम्ही कसे आहात हे विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, "हात परत येतले?"

मी डॉक्टर आहे म्हणून ह्या प्रश्नाची गुळगुळीत उत्तरं मला बरीच येतात. त्यातलं एकही दिलं नाही. मी म्हणालो की चालणं बहुधा सुधारेल, पडणं थांबेल, पण बोटांचं मी सांगू शकत नाही. पुन्हा पटाशी धरता येईल असं वचन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. तुम्ही विचारलंत की डिसेंबरात केलं असतं तर? मी म्हणालो की तर आशा बरीच जास्त होती. मागे कोंबडी ओरडत होती आणि कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात की माफीचा आता नको, ऑपरेशन होऊ दे, मग बघू.

मी विचारलं, तुमच्या ऑपरेशनला आलो तर चालेल का. तुम्ही वहिनींशी काहीतरी बोललात. मला ऐकू आलं नाही. मग म्हणालात, "येवा. पण डाक्टर म्हणान येवा. दोस्त म्हणान नको."

हे बरोबर आहे. मला खरं तर ह्याहून कमी मिळायला हवं होतं.

तिकीट काढलं आहे. चौदाला गोवा, तिथून बसने कुडाळ, पंधराला सकाळी तुमच्या घरी. काही आणणार नाही, खजूर नाही, चॉकलेटं नाहीत. दारात चपला काढून थांबेन. बसा म्हणालात तर बसेन. वहिनींनी चहा विचारला नाही तर वाईट वाटून घेणार नाही.

मग तुम्हाला तपासेन. घाईत नाही. तुमच्याकडे बघून, तुम्ही बोलत असताना मध्ये न बोलता, मुंग्या कधीपासून येतात, कुठल्या बोटापासून सुरू झाल्या, मान वाकवली की काय होतं, झोप लागते का, हे सगळं विचारेन. हातोडीने गुडघे बघेन, बोटं बघेन, पाठीला हात लावेन. सर्जनसाठी सगळं नीट लिहून देईन. अर्धा तास लागेल. तो अर्धा तास तुमचा डिसेंबरपासून माझ्याकडे राहिला आहे.

अशा तपासणीत पेशंटला खोलीत चालून दाखवायला सांगतात. मी सांगणार नाही. तुमची चाल मला पाठ आहे.

डॉ. दिनकर